टेकू काढल्यावर

गवंड्याच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, त्याला पाच महिने झाले होते. उजवा पाय आता उचलला जात होता. पण घर वरच्या मजल्यावर, अकरा पायऱ्यांचं. तेवढ्या चढल्याशिवाय घरी सोडणार नाही, असं दवाखान्यानं सांगितलं होतं.

त्या परीक्षेचा फॉर्म इंग्रजीत होता. ओळीओळीला तेच शब्द: 'बाय हरसेल्फ'.

"म्हणजे एकटीनं का, ताई?" गवंड्यानं व्यायाम घेणाऱ्या बाईंना विचारलं.

"एकटी बसली, तरी तसंच म्हणतात. पण इथं अर्थ वेगळा. स्वतःचं स्वतः करायचं. कठडा धरला तर चालेल, माणूस नाही. तुम्ही खुशाल मागं उभे राहा, फक्त हात लावायचा नाही."

"त्यात काय!" बायको म्हणाली. "चाळीस वर्षं मागं उभे राहून यांनी कशाला म्हणून हात लावला नाही."

दवाखान्याच्या जिन्यात, सातव्या पायरीवर तिचा पाय अडखळला.

"हात!" बाई ओरडल्या.

"लावला नाही," गवंडी म्हणाला. मग त्यानं खाली पाहिलं. त्याची दोन बोटं तिच्या कोपराखाली होती.

फॉर्मवर 'नाही' लिहिलं गेलं. पुढची परीक्षा आठवड्यानं.

बायको येऊन खाटेवर बसली. मग म्हणाली, "पडले तर मी पडेन. तुमच्या भीतीपायी मी इथं किती दिवस काढू?"

ते त्याला लागलं. जन्मभर त्यानं कमानी बांधल्या होत्या. कमान भरली की दिवस मोजायचे आणि टेकू काढायचे. भिऊन टेकू ठेवणाऱ्याला तो म्हणायचा, "मग बांधलंस कशाला? टेकूच विकायचे होते." पाच महिने बायको घाम गाळून पाय उचलत होती, आणि ती उभी आहे ती आपल्या बोटांवर, असं तो धरून चालला होता.

आठवड्यानं तो तिच्या मागं दोन पायऱ्या सोडून चढू लागला, हात काखेत दाबून. सातव्या पायरीवर ती डुलली. त्याचे खांदे पुढं गेले. हात तिथंच राहिले. तिनं पायरीला एक शिवी हासडली, कठडा घट्ट धरला आणि पाय वर घेतला.

अकरावी चढल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. तो अजून खालीच होता, पायरीवर बसलेला, घामानं निथळत.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. दमलो जरा," गवंडी म्हणाला. "बस तू. येतो."