राजकन्येचं लेकरू

सोनाळ्याची अंबूबाई जन्माची भित्री. पाल, वीज, गावचा कोतवाल, एस.टी.चा हॉर्न, कशालाही भ्यायची. बैल नुसता शिंकला तरी ही बाई शेताच्या बांधापलीकडे, धुऱ्याच्या पार. पण तोंड उघडलं की तिची राजकन्या वाघाचे कान उपटायची आणि राक्षसाच्या छाताडावर बसून वेणी घालायची. गोष्टीतल्या माणसांचं बरं असतं, त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसतं.

अंबूबाईला जावं लागायचं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. भगवंतराव पाटलांच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या वावरात, निंदणाला बाया लागत. अंबूबाईचे गुडघे कामातून गेलेले, तिची पात, म्हणजे निंदायची ओळ, नेहमी सगळ्यांच्या मागे. आवाज तेवढा सगळ्यांच्या पुढे. तरी पाटील तिला न चुकता सांगावा धाडत, कारण तिची गोष्ट चालू असली की बायांची खुरपी सपासप चालत. गोष्ट थांबली की एकीला तहान लागे, दुसरीला माहेर आठवे. पाटलांनी उद्या नको म्हटलं तर या म्हातारीला गावात दुसरं कुणी कामाला लावणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाटीलही छत्री घेऊन धुऱ्यावर बसत. देखरेख करतो म्हणत. गोष्टीत राक्षस आला की ही देखरेख हळूच जवळ सरकायची.

त्या श्रावणात पाटलांनी नवा कायदा काढला. पात संपल्याशिवाय कुणी लेकराकडे जायचं नाही. बाया पाजायच्या नावाखाली बाभळीखाली लवंडतात, असा त्यांचा शोध. स्वतः रोज दुपारी तिथंच घोरणारा माणूस!

पहिल्याच दिवशी बाभळीच्या झोळीत रुख्मिणीचं लेकरू रडायला लागलं. रुख्मिणी उठली.

"बस खाली!" पाटील गरजले. "पात होऊ दे."

ती बसली. लेकरू टाहो फोडत होतं आणि दुधानं तिची चोळी भिजत होती. तिनं पाटलांकडे पाहिलंच नाही, पाहिलं अंबूबाईकडे. मग सगळ्याच बाया अंबूबाईकडे पाहू लागल्या. अरे, वाघाचे कान राजकन्येनं उपटले होते, हिनं कधी मांजरीलासुद्धा हाकललं नव्हतं!

राजकन्या तेव्हा राक्षसापुढे तलवार उपसून उभी होती. अंबूबाई गप्प झाली.

"मंग?" पाटलांना राहवेना.

"मंग काई नाही. राजकन्या थांबली."

"काऊन?"

"तिचं लेकरू रडून राह्यलं. ते पिऊन उगी होत नाही तोवर लढाई बंद."

खुरपी थांबली.

"राजकन्येचं तर लगनच नाही झालं!" पाटील उसळले. "लेकरू कुठून आलं?"

"झालं लगन. तुमी सकाळी चहा प्याले गेलते तवा."

"कोनासंगं?" असं विचारून बसले आणि पाटील स्वतःच ओशाळले. बाया पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. मग पाटलांचा आवाज चढला. "बुढे, उद्या कामाले यायचं हाय का नाही तुले?"

अंबूबाईच्या हातातून खुरपं कधी गळालं तेही तिला कळलं नाही.

"ते तुमच्या हाती हाय, मालक," ती कशीबशी म्हणाली. "पण राक्षस उभा हाय."

पाटलांनी आभाळाकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं, स्वस्थ बसलेल्या बायांकडे पाहिलं. शेवटी छत्री आपटली.

"जाय वं रुख्मिणी, पाज त्याले! अन् लवकर ये, तो राक्षस ताटकळून राह्यला."

त्या कायद्याचं नाव पाटलांनी पुन्हा काढलं नाही. अंबूबाईलाही दुसऱ्या दिवशी सांगावा आला.

पण त्या संध्याकाळी घरी परतताना ती वाटेतच धुऱ्यावर बसली. पाटलांची छत्री मागून येते का, ते वळून वळून बघत होती. लेकरू कडेवर घेऊन रुख्मिणी तिच्याजवळ थांबली.

"मावशी, एवढ्या मोठ्या राक्षसापुढं राजकन्या जराकही भेली नाही?"

"राजकन्या कायले भेते?" अंबूबाई म्हणाली. "तिच्या वाट्याचं सारं मलेच भ्या लागते नं."