लाइन कापायची परवानगी

पामर्स्टन नॉर्थजवळच्या लष्करी कॅम्पमध्ये मी इंजिनिअर तुकडीत सार्जंट होतो. लान्स कॉर्पोरल मिलिंद सावंत माझ्या हाताखाली आला, तेव्हा कॅम्पात आम्ही दोघंच मराठी. मी नाशिकचा, तो देवगडचा. दोघंही ह्या परक्या देशात शिकायला आलो, राहिलो आणि इथल्याच फौजेत भरती झालो. परेडवर तो मला सार्जंट म्हणायचा, बाहेर दादा.

त्याच्या लॉकरच्या दाराला आतून मार्लिनचं चित्र चिकटवलेलं होतं. भाल्यासारखी चोच, माणसाहून लांब मासा.

"कोकणातला माणूस, आणि मासा अजून चित्रातच?" मी चिडवायचो.

"दादा, पापलेट कोणीही आणतं. बघा तुम्ही."

मार्चमध्ये आम्ही एकत्र रजा काढली; मिलिंदची बायको शुभांगी घरी राहिली. उत्तरेला व्हांगारोआच्या बंदरातून ०६०० वाजता माझी सहा मीटरची बोट पाण्यात घातली. इथे निघताना मरीन रेडिओवर कळवतात: किती माणसं, कुठे, परत कधी. ती वेळ उलटली आणि बोट बोलली नाही, तर शोध सुरू होतो. मी कळवलं: दोन माणसं, परत १४००.

१३१० ला रॉडचं रीळ किंचाळलं, गळाला काहीतरी लागलं. शंभरेक मीटरवर मार्लिन पूर्ण पाण्याबाहेर आला.

"आईशप्पथ, दादा!"

रॉड मिलिंदकडे, सुकाणू माझ्याकडे. १३४५ ला वारा फिरला. लाटा वाढल्या.

"दादा, कापू का लाइन? समुद्र बिघडतोय. शुभांगीला आज घरी येतो म्हटलंय."

"इतकी वर्षं डोकं खाल्लंस ह्या माशासाठी. होल्ड."

"दादा, खरंच..."

"होल्ड म्हटलं ना!"

त्याने रॉड पुन्हा घट्ट धरला. मग म्हणाला, "येस, सार्जंट."

रजेवर असताना त्याने मला सार्जंट म्हटलं ते तेवढंच. मी रेडिओ उचलला आणि परतीची वेळ बदलून १८०० केली.

"स्वीट ॲज," पलीकडून बाई म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक'. "१८००."

मासा दमत नव्हता. लाइन संपत आली, म्हणून मी बोट उलटी, माशाच्या दिशेने मागे घेऊ लागलो. अशा लाटांत तसं करू नये हे मला माहीत होतं. १४४० ला एक लाट मागून आत आली. इंजिन बंद पडलं. दुसऱ्या लाटेने बोट उलटली आणि कठडा मिलिंदच्या छातीवर बसला. रेडिओ आणि संकटाचा सिग्नल देणारा बीकन दोन्ही बोटीखाली गेले.

आम्ही उलट्या बोटीच्या बुडाला धरून राहिलो. लाइफजॅकेट होती. त्याला नीट श्वास घेता येत नव्हता.

"मासा सुटला?" त्याने विचारलं.

"सुटला."

"बरं झालं."

सहापर्यंत आम्हाला कोणी शोधणार नव्हतं. तशी वेळ मीच दिली होती. १७२५ ला मिलिंद गेला. हेलिकॉप्टर १९१० ला आलं.

चौकशीत मी म्हणालो, "आम्ही थांबायचं ठरवलं." न्यू लिनला त्याच्या घरी गेलो, तेव्हा शुभांगी म्हणाली, "स्वप्नातला मासा लागला की, त्याने कसा सोडला असता?" मी होकारार्थी मान हलवली. पाच वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली. मी फौज सोडली, पण तिला खरं सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात सांगितलं. लाइन, वारा, माझी ऑर्डर, सगळं क्रमाने. तिने ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो घरी यायला निघाला होता."

"हो."

"आता तुम्ही जा."

मी निघालो. पुन्हा गेलेलो नाही.

मनुरेवा उपनगरात दरवर्षी एप्रिलमध्ये पहाटेच्या परेडला शहीद सैनिकांची नावं वाचतात. मिलिंदचं नाव त्यात नसतं, कारण तो रजेवर होता. पण मला ऑर्डर ठाऊक आहे. तो ती पाळत होता. यंदा यादी संपल्यावर मी सावधानमध्ये उभा राहून मोठ्याने म्हणालो, "लान्स कॉर्पोरल मिलिंद सावंत." पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. मग बिगुल वाजला.