ठिपका कुठे कुठे थांबला

माझा धाकटा भाऊ विग बनवतो. हे मी आयुष्यात पहिल्यांदा उघडपणे सांगतेय, कारण आता लपवण्यासारखं फारसं उरलंच नाही. इतकी वर्षं कोणी विचारलं की मी ठोकून द्यायची, "शिलाई मशिनं दुरुस्त करतो, घरोघर जाऊन." त्याच्याकडे पेटीही तशीच होती, वर तेलाचा एक डाग मुद्दाम पाडलेला.

सगळे त्याला झुलपे म्हणतात. कपाळावर ही अशी झुलपं, मानेपर्यंत दाट केस, आणि त्यांचा तोरा तर विचारू नका! बोलताना मान झटकणार, दुकानाच्या काचेत दिसला की थांबणार. पण केसांना हात लावू देईल तर शपथ. "लांबून बघ, ताई," म्हणायचा, "माझ्या धंद्याची पाटी आहे ही."

कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवतो. आणि तोंडाला कुलूप! बँकेचे साहेब, शाळेचे मुख्याध्यापक, दातांचा डॉक्टर, सगळ्यांची अब्रू त्याच्या पेटीत, पण मी सोडले तर या कानाचं त्या कानाला कळायचं नाही. प्रत्येकाला वाटे, गावात टक्कल आपल्या एकट्यालाच. फोनमध्येसुद्धा त्याने गिऱ्हाइकांना भाज्यांची नावं दिली होती. साहेब म्हणजे दुधी, मुख्याध्यापक म्हणजे कोबी, डॉक्टर म्हणजे भोपळा.

आणखी एक गिऱ्हाईक आहे. मी. ज्या अंबाड्याचं सगळी गल्ली कौतुक करते तो माझा नाही. आजारपणात केस गेले ते परत आलेच नाहीत. दर रविवारी झुलपे येतो, दार लावतो आणि माझा अंबाडा नीट बसवून जातो. भाऊ बहिणीकडे यायचाच, कोण संशय घेणार? माझ्या पोटच्या लेकीलाही हे ठाऊक नाही. बाहेर फुटलं असतं तर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं, अगदी खरं सांगते.

तर झालं काय, गिऱ्हाइकाच्या दारात स्कूटर दिसू नये म्हणून हा शहाणा ती दोन-तीन गल्ल्या लांब लावायचा, आणि मग कुठे लावली ते विसरायचा. उन्हातान्हात पेटी घेऊन स्वतःचीच स्कूटर शोधत हिंडायचा. शेवटी वैतागून त्याने फोनवर एक फुकटचं ॲप घेतलं, स्कूटर कुठे ठेवली ते लक्षात ठेवणारं. ॲपने विचारलं, तुम्ही कुठे आहात ते पाहू का? हा म्हणाला, हो. कायम पाहू का? हो. फोनमधले सगळे नंबर पाहू का? हो!

"अरे मेल्या, वाचलंस तरी का?" मी नंतर विचारलं.

"एवढं गोड बोलून विचारत होतं गं. नाही कसं म्हणायचं?"

घराला दोन कुलुपं लावणारा माणूस हा! आठवडाभर ॲप गप्प बसून नुसतं बघत होतं. मग एके दिवशी मी भाजी निवडत असताना माझा फोन वाजला. 'तुमचे स्नेही झुलपे यांना स्कूटर शोधायला मदत करा.' खाली नकाशा, नकाशावर लाल ठिपका, आणि आठवड्याभरात झुलपे कुठे किती वेळ थांबले याचा सगळा पाढा. हे मला आलं, म्हणजे दुधीला आलं असणार, कोबीला आलं असणार!

फोन लावला तर उचलेना. काम करताना तो उचलतच नाही. इकडे ठिपका साहेबांच्या घरातून निघाला आणि रमतगमत डॉक्टरकडे वळला. "अरे, नको जाऊस तिकडे!" मी फोनवर ओरडले. ठिपक्याला काय ऐकू येणार, कपाळ!

संध्याकाळी म्हणाला, "काढून टाकलं ॲप." कसलं काढतोय? पडद्यावरचं चित्र तेवढं काढलं होतं. रविवारी तो माझ्याकडे आला, पेटी उघडतो न उघडतो तोच दारावर थाप. मी अंबाडा कसाबसा डोक्यावर दाबला. दारात साहेब. मागे मुख्याध्यापक. त्यांच्या मागे डॉक्टर. तिघांच्याही हातात फोन, आणि तिन्ही फोनांवर ठिपका माझ्या घरात.

तिघं एका ओळीत बसले. एकमेकांच्या डोक्याकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत होते. मला वाटलं, आता झुलपेचा धंदा बुडाला. तेवढ्यात साहेब उसळले.

"माझ्याकडे वीस मिनिटं आणि यांच्याकडे तासभर? मी काय पैसे कमी देतो?"

"माझा भांग अवघड आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"भांग? तुम्हाला कुठला भांग!" डॉक्टर म्हणाला. "माझ्याकडे तर पेटी नीट उघडलीसुद्धा नाही त्याने!"

हसू की रडू मला कळेना. गुपित फुटल्याचं कुणालाच काही नव्हतं, वाटणी कमी मिळाल्याचा राग होता. मी हुश्श करणार, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.

"पण सगळ्यात जास्त वेळ तर इथेच दिसतोय. गेल्या रविवारी दोन तास. पेटी घेऊन?"

तिघांच्या माना वळल्या. सहा डोळे माझ्या अंबाड्यावर. मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

झुलपे उठला. "इथे मी माझं काम करून घ्यायला येतो," म्हणाला, आणि कपाळावरची झुलपं धरून त्याने सगळे केस टोपीसारखे उचलले. खाली लख्ख टक्कल! "ताई बसवून देते मला. स्वतःचं स्वतःला मागून दिसत नाही ना."

माझ्या सख्ख्या भावाचं डोकं मी पहिल्यांदा बघत होते.

"हा... हा जो आहे," शेवटी साहेब पुटपुटले, "मला अस्साच हवा." लगेच डॉक्टर म्हणाला, "आधी माझा नंबर," आणि तिघं भांडत जिना उतरले. माझ्या अंबाड्याचं नावही कोणी काढलं नाही.

दार लावलं आणि मला रडू फुटलं. "वेड्या, माझ्यासाठी धंद्याची पाटी उतरवलीस?"

"अगं, तो अंबाडा माझं सगळ्यात चांगलं काम आहे," तो म्हणाला. "त्याच्याकडे कोणी बोट दाखवायचं? माझ्याकडे दाखव म्हणावं. चल, आता बसवून दे. मी सांगून बसलोय, तर खोटं पडायला नको."

मी डोळे पुसले, चिकटपट्टी लावली आणि त्याचे केस हळूच त्याच्या डोक्यावर ठेवले. त्याने आरशात पाहिलं.

"ताई, झुलपं मागे गेली."