लो-कार्ब साबुदाण्याची खिचडी

चहा घ्या, पण साखर किती घालू हे मला विचारू नका. साखर, तांदूळ आणि गहू या विषयांवर बोलायचा माझा अधिकार गेल्या वर्षी काढून घेतलेला आहे. कसा, तेच सांगायला बसलोय. फक्त मध्ये मध्ये हसू नका. शेवटी एकदाच काय ते हसून घ्या, म्हणजे माझी लाज एका झटक्यात जाईल.

मी सरकारी बँकेत अधिकारी. आठ वर्षांपूर्वी पुण्याहून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही बेहाला नावाच्या भागात राहायला आलो. मी, बायको मेधा आणि आठवीतली मुलगी सई. या शहराने मला भरभरून प्रेम दिलं आणि ते सगळंच्या सगळं माझ्या पोटावर साठलं. सकाळी मैद्याच्या पुऱ्या म्हणजे लुची, दुपारी मिष्टी दोई म्हणजे गोड दही, संध्याकाळी बँकेत कुणाला तरी नातू झाला म्हणून सोंदेशाची मिठाई. नाही कसं म्हणायचं? माणसं वाईट वाटून घेतात हो!

एके दिवशी सई आणि तिच्या दोन मैत्रिणींना शाळेतून आणत होतो. इथल्या ऑटोत एक माणूस पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. मुली मागे, मी पुढे. वळण आलं. ड्रायव्हरने हँडल वळवलं, ते माझ्या पोटावर आपटलं आणि पुन्हा सरळ झालं. ऑटो वळायच्या ऐवजी नाकासमोर जाऊन एका फुलवाल्याच्या टोपलीपाशी थांबली.

"दादा," ड्रायव्हर अगदी आदराने म्हणाला, "आपनी पीछे बोसिए. हैंडल घूमता नहीं."

मागे खसखस पिकली. घरी आल्यावर सईने दप्तर फेकलं. मी विचारलं, काय झालं?

"बाबा, माझी फ्रेंड हसला."

"हसली," मी म्हटलं.

"तेच. पण हसला ना?"

सईचं मराठी कोलकात्यात वाढलेलं आहे, त्यामुळे व्याकरणाचं सोडा. पण तिचे डोळे भरले होते आणि ते मला फार लागलं. पोरीला आपल्या बापाची लाज वाटावी? मी तिथल्या तिथे उठलो आणि चपला घालून तळ्यामागच्या व्यायाम समितीत जाऊन दाखल झालो.

समिती म्हणजे जुनी तालीमच. गंजलेली वजनं, भिंतीवर हनुमान, आणि मधोमध पल्टूदा. वय साठ, दंड माझ्या मांडीएवढे. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, पोटावर दोन बोटांनी टकटक केलं आणि सुस्कारा सोडला.

"दादा, कार्ब बोंध. भात बोंध, रुटी बोंध, मुडी बोंध, मिष्टी तो एकदम बोंध!"

मुडी म्हणजे चुरमुरे. तेही बंद? मी म्हटलं, "मैं अंडा-मछली नहीं खाता."

"कोई बात नहीं. छाना-पनीर खाओ, बादाम खाओ, दोई खाओ. और सुनो, दिन में दो बार ठूँस के नहीं खाना. हर ढाई घंटा में खाना. छे बार! भूख लगने ही नहीं देना. तीन महीना बाद समिती का कम्पिटिशन है. चालीस के ऊपर का अलग ग्रुप है. आपको स्टेज में उठाऊँगा!"

सहा वेळा खा आणि बारीक व्हा! मला तर हे शास्त्र फारच आवडलं. घरी येऊन जाहीर केलं, "सई, तीन महिन्यांनी तुझा बाप स्टेजवर. तुझ्या त्या दोघी मैत्रिणींनाही बोलाव!" सई इतकी खूष झाली की तिने फक्त दोघींना नाही, सबंध वर्गाला सांगून टाकलं.

मग मेधाला नियम वाचून दाखवले. "भात नाही, पोळी नाही, ब्रेड नाही, रवा नाही, पोहे नाहीत, डाळी बेताने."

मेधा कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "म्हणजे उपवासच की."

मंडळी, इथे माझ्या डोक्यात जो लख्ख प्रकाश पडला, त्यानेच माझा घात केला.

उपवास! खरंच की! उपवासाला भात चालतो का? नाही. गहू? नाही. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वीच लो-कार्ब शोधून ठेवलं होतं आणि आपण ते एकादशीला आणि चतुर्थीला तेवढं वापरून बाकीचे दिवस वाया घालवत होतो! साबुदाणा काही भात नव्हे. बटाटा म्हणजे भाजी. रताळं म्हणजे तर मूळच. खिचडीत दाण्याचं कूट असतं, आणि पल्टूदा बादाम खा म्हणालेच होते. म्हणजे प्रोटीनही आलं. वऱ्याच्या तांदळाच्या नावात तांदूळ आहे खरा, पण तो तांदूळ नाही हे प्रत्यक्ष देवाला मान्य आहे, तिथे पल्टूदा कोण?

"अहो, पण..." मेधा म्हणाली.

"पण नाही आणि बिण नाही. फक्त खिचडीत साखर घालू नकोस," मी बाणेदारपणे सांगितलं.

मग काय, वेळापत्रक लागलं! सात वाजता खिचडी. साडेनऊला रताळ्याचा कीस. बाराला वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. अडीचला बटाट्याची उपवासाची भाजी, पाचला साबुदाणेवडे, साडेसातला उपवासाचं थालीपीठ. आणि ही काही चव बघण्यापुरती बशी नव्हे हं. प्रत्येक वेळी माणूस जेवतो तसं पोटभर! पल्टूदांनी सांगितलं होतं ना, भूक लागू द्यायची नाही? मी तर तिला गल्लीच्या तोंडाशीही येऊ दिली नाही.

बँकेत फोनवर गजर लावला होता. गजर झाला की समोर कर्जवाला असो की लॉकरवाली आजी, माझा डबा उघडायचा. "सर का डायट चल रहा है," शिपाई दारातच सगळ्यांना सांगायचा आणि लोक आदराने बाहेर थांबायचे.

पुण्याला आईला फोन केला. ती गहिवरलीच. "रोज उपवास करतोस? अरे, कुणाचा?"

"शरीरासाठी गं, आई."

"असू दे, असू दे, सांगू नये म्हणतात," आई म्हणाली, आणि आठ दिवसांत पार्सल आलं. पाच किलो साबुदाणा, दोन किलो भगर आणि राजगिऱ्याचे लाडू. लाडवात गूळ होता. साखर बंद होती, गुळाबद्दल पल्टूदा काही बोललेच नव्हते!

पंधरा दिवसांनी समितीत वजन केलं. दोन किलो वाढलं होतं.

पल्टूदांनी काट्याला लाथ मारली. मला पुन्हा उभं केलं. तेवढंच. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दादा, सच बोलो. भात खाया?"

"माँ कसम, एक दाना नहीं."

"रुटी?"

"छुआ भी नहीं."

"तो फिर खाते क्या हैं?"

"साबू," मी अभिमानाने म्हटलं. इथे साबुदाण्याला साबूच म्हणतात.

पल्टूदांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, माझ्या निष्ठेने भारावले. तसे ते भारावलेच होते, पण त्याचं कारण मला नंतर कळलं. इथे साबू कोण खातं माहितीये? तापाने फणफणलेला माणूस! पाण्यात शिजवलेली पातळ पेज, वर लिंबाचे दोन थेंब. ज्याला दुसरं काहीच पचत नाही त्याच्या घशाखाली ती चमच्याने घालतात.

"शोब टाइम साबू?" पल्टूदांनी विचारलं. "छे बार?"

"छे बार. कभी कभी आलू."

"उबला हुआ?"

"हाँ, उबालते तो हैं," मी म्हटलं. उकडल्यावर पुढे त्याचं काय होतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

पल्टूदांनी निदान केलं. माणूस उपाशी आहे! शरीर घाबरलंय, त्याने पाणी धरून ठेवलंय, म्हणून वजन वाढतंय. "छे बार से नहीं होगा. आठ बार खाइए, दादा! और थोड़ा ज़्यादा ज़्यादा!"

आता गुरूची आज्ञा मोडायची का? मी दोन खिचड्या वाढवल्या.

पुढच्या महिन्यात आणखी तीन किलो चढले. पल्टूदा जास्तच हळवे झाले. समितीतल्या जवान पोरांना माझ्यासमोर उभं करून म्हणायचे, "देखो इनको! साबू खा के चालीस किलो उठाता है! और तुम लोग मटन-मांगशो खा के सुस्त!" पोरं माझ्या पाया पडायची. मला 'साबूदा' असं नावही पडलं. मी त्यांना सांगायचो, "मन में ठान लो, बस." आता आठवलं की अंगावर काटा येतो हो!

पँटचं बटण लागेना तेव्हा मी मेधाला म्हटलं, "मसल वाढतायत."

"पुढच्या बाजूला?" मेधा म्हणाली.

असं करता करता स्पर्धेला एक आठवडा उरला. फ्लेक्स लागला, त्यावर माझं नाव. आणि त्या रविवारी सकाळी पल्टूदा न सांगता घरी आले. हातात मोसंबी. आजाऱ्याला भेटायला आणतात तशी!

"बौदी," ते मेधाला म्हणाले, "दादा का तपस्या अपना आँख से देखने आया."

सात वाजले होते. मेधाने त्यांनाही बशी दिली. तुपातली जिऱ्याची फोडणी, बटाट्याचे खरपूस काप, दाण्याचं कूट, वर ओलं खोबरं, बाजूला दोन वडे आणि गूळ घातलेलं दही. पल्टूदांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. बशी संपवली. दुसरी घेतली, तीही संपवली. बोटं चाटून म्हणाले, "अपूर्बो! बौदी, ये क्या चीज़ है?"

"साबू," मेधा म्हणाली.

पल्टूदांचं बोट तोंडातच राहिलं.

"ये... साबू?"

"हाँ."

त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग पुन्हा बशीकडे. "दादा, ये आप आठ बार खाते हैं? इतना?"

"नहीं नहीं," मी घाईघाईने म्हटलं, "ये तो मेहमानों की प्लेट है. मेरी इससे बड़ी है."

पल्टूदांनी बशी खाली ठेवली. "दादा! साबू तो पूरा का पूरा कार्ब है! कार्ब का गोडाउन! उस में आलू? उस में फिर दोई में गुड़?" मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "और मैंने छे बार बोला था, माने एक दिन का खाना छे हिस्सा करके खाना. छे दिन का खाना एक दिन में नहीं!"

कोपऱ्यात सई उभी होती. बिचारी सगळं ऐकत होती.

"म्हणजे बाबा स्टेजवर नाही जाणार?" तिने विचारलं. "मी सगळ्यांना बोललाय!"

खरं सांगतो, तेव्हा मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी म्हटलं, "सई, चुकलो गं. तुझ्या बाबाला अक्कल नाही."

पल्टूदांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठले आणि म्हणाले, "मामोनी, फिकीर नहीं. तुम्हारा बाबा स्टेज में उठेगा. पल्टू का ज़बान है."

आणि शब्द पाळला बरं का माणसाने! स्पर्धेच्या संध्याकाळी मी स्टेजवर होतो. अंगात सैलसर कुर्ता, गळ्यात उत्तरीय आणि हातात पदकांचं तबक. विशेष अतिथी! जिंकलेल्यांच्या गळ्यात पदकं घालायची, एवढंच काम. सईच्या वर्गातल्या पोरी पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत होत्या. सई तर उभी राहून! मला अगदी भरून आलं. सुटलो बुवा, असं म्हणत मी खाली उतरलो, सईचा हात धरला आणि फाटकाकडे निघालो.

फाटकाशी ही गर्दी! नवीन लोक नाव घालायला उभे होते. त्यांच्या डोक्यावर पुरुषभर उंचीचे दोन फोटो लावलेले, गळ्यापासून गुडघ्यापर्यंतच. खाली बांगलात 'आगे' आणि 'पोरे', म्हणजे आधी आणि नंतर. आधीच्या फोटोत हे एवढं पोट. नंतरच्या फोटोत त्याहून बरंच कमी. मी मनात म्हटलं, शाब्बास! कुणाला तरी जमलं बुवा.

सई टक लावून बघत होती. हळूच म्हणाली, "बाबा, ही तर तुझी चड्डी आहे."

निळी, पांढऱ्या पट्ट्याची. दोन्ही फोटोंत! पहिल्या दिवशी पल्टूदांनी वहीला लावायला म्हणून माझा फोटो काढला होता आणि शेवटच्या आठवड्यात आणखी एक. फक्त लावताना त्यांनी जागांची अदलाबदल केली होती. आजचा मी 'आधी', आणि तीन महिन्यांपूर्वीचा मी 'नंतर'!

मी सईला ओढत तिथून सटकणार, तेवढ्यात रांगेतल्या एका गृहस्थांनी मला अडवलं. माझ्याच वयाचे, पण माझ्या निम्म्या घेराचे. त्यांनी माझ्या पोटाकडे कळवळून पाहिलं, मग 'नंतर'च्या फोटोकडे बोट दाखवलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "दादा, मन छोटा मत कीजिए. तीन महीना मेहनत कीजिए, आप भी इनके जैसा हो जाएँगे."