दत्तोबा तांबटांनी ओ दिली नाही

दत्तोबा डोंगरात दगावले, यावर तांबट आळीत कुणाचाच विश्वास बसेना. आगीशी खेळणारा माणूस, काही व्हायचंच तर भट्टीपाशी व्हायचं. सिंहगडाखालची एकेक वाट तर त्यांच्या पायाखालची! सवाई माधवरावांच्या अमदानीत पुण्यात घागरी-हंडे ठोकणारा हा दुकानदार दर अमावास्येला, घण बंद असले की, धायरीच्या वाटेला लागायचा. आळी हसायची. लोक सुट्टीला लोळतात, ह्याला काट्याकुट्यांत सुख! दिवेलागणीला मात्र स्वारी लेकींसाठी करवंदं नाहीतर जांभळं घेऊन दारात हजर.

त्या अमावास्येला दारात आला तो धायरीचा मच्छिंद्र, त्यांचा डोंगरातला सोबती. मागे बैलगाडी, गाडीत घोंगडीखाली दत्तोबा. कड्यावरून धोंडा सुटला होता.

दत्तोबांच्या पत्नी मथुराबाई रडल्याच नाहीत. त्या मच्छिंद्रावर तुटून पडल्या. "धोंडा येताना दिसला ना तुला? मग तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?"

"बाई, घसा फुटस्तवर वरडलो. मालक पाखरं बगत हुबं व्हते. वळूनसुदिक बगितलं न्हाई."

मथुराबाई उंबऱ्यावर बसल्या. ऐकूनही हलले नाहीत? चार दिवसांपूर्वी त्यांनी पदर तोंडाशी धरून, मान खाली घालून, पुन्हा दिवस गेल्याचं नवऱ्याला सांगितलं होतं. दत्तोबा हसले नाहीत की बोलले नाहीत. पागोटं बांधून दुकानात गेले. त्यांना हे मूल नकोच असणार, असं त्या धरून बसल्या. आज सकाळी तर पाठमोऱ्या नवऱ्यावर खेकसल्या होत्या, "घर एवढं जड झालं असेल तर परत येऊच नका!"

"माझ्या बोलण्यानं जीव द्यायला गेले हो ते!" त्या किंचाळल्या.

दुकानात जोडीला घण मारणाऱ्या धाकट्या दिराला, सखोबाला, राहवेना. "वहिनी, दादांना ऐकूच येत नव्हतं. चार वर्षं झाली. आमच्या धंद्यात कान जातातच. ओठ बघून ओळखायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. म्हणायचे, बहिऱ्याशी कोण मोकळेपणी बोलेल?"

मथुराबाईंना आता एकेक आठवू लागलं. चार वर्षं एका छपराखाली, आणि आपल्याला पत्ता नाही! सकाळचं ते खेकसणं त्यांना ऐकू गेलंच नव्हतं. क्षणभर छातीवरचं ओझं उतरलं. दुसऱ्याच क्षणी त्या उठून गाडीकडे धावल्या. घोंगडी सारली, तोंडावरचा पदर मागे टाकला, आणि साऱ्या आळीदेखत त्या मिटल्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सावकाश उच्चारत, आपल्याला दिवस गेल्याचं नवऱ्याला सांगू लागल्या.