धुण्याचा दगड

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. बायकोला शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या चिंचेखाली माती दिली. वर ठेवायला आदिलाबादहून काळी चकचकीत फरशी आणतो म्हणून पोरगा निघाला होता. मी म्हटलं, काई नको. विहिरीवरचा तिचा धुण्याचा दगड उचला अन् ठेवा. चौघांनी आणून ठेवला.

त्या दगडाला मधात खळगा आहे. मोगरी आपटून आपटून तिनंच पाडलेला. ती लग्न होऊन आली तेव्हा दगड सपाट होता.

पाऊस लागला की खळग्यात पाणी साचतं, वरून चिंचेचा पाला सडतो. चार दिवसांत दगड हिरवा होतो. मी बादली अन् नारळाची शेंडी घेऊन जातो. पहिले बांबूच्या कांबीनं शेवाळ अलगद खरवडायचं, मग शेंडीनं घासायचं. तारेचा ब्रश नाही, ॲसिड तर नाहीच, दगड खातं ते. घासून घरी येतो, चहा पितो, पुन्हा जाऊन पाहतो. घरात बसवत नाही. बाजेवर टेकलो की लगेच उठावं वाटते. कुठं जावं ते समजत नाही, मग पाय धुऱ्याकडंच जातात.

मागच्या पावसाळ्यात सून म्हणाली, “मामाजी, ओल्यात घसरून पडसान. तो खड्डा सिमेंटनं बुजवून टाका. पाणी साचलं नाही तर शेवाळ येईन कुठून?”

पोरानं तलमडुगूचा गवंडी आणला. त्यानं घमेल्यात माल कालवला. मी खळग्यावर हात ठेवून बसून राह्यलो.

“सरका बुढेबुवा, माल वाळून राह्यला.”

“वाळू दे. तिच्या हातचा खळगा आहे हा. बुजवू देणार नाही.”

“एवढा जीव होता तर धुणं तुमीच धुवायचं होतं!”

खरं बोलला लेकाचा. पोरगा खाली पाहून हसला, मलाही हसू आलं. मग गवंड्यानं दगडाभोवती एक चक्कर मारली, पहारीनं एक बाजू उचलली अन् खाली दगडाची चीप सारली. दगड जरासा तिरपा झाला. खळगा तसाच राह्यला, पाणी आपोआप वाहून गेलं. सगळे खुश.

नंतर पावसाची झड लागली. दगड साफच्या साफ. मी बादली घेऊन जायचो, उभा राहायचो, भरली बादली तशीच घेऊन परत यायचो. पुन्हा जायचो. घासायला काईच नाही. सून म्हणे, “आता आराम करा.” आराम म्हणजे ती बाज अन् ती भिंत.

एका सकाळी मी पहार घेऊन गेलो अन् चीप काढून टाकली. दगड दणकन खाली बसला.

पोरानं पाहिलं. “बा, चीप काऊन काढली? पुन्हा शेवाळ येईन ना!”

“येऊ दे.”

पाऊस चालूच होता. खळगा भरला, पाण्यावर चिंचेची पानं तरंगली. चौथ्या दिवशी कडेला हिरवं दिसलं. मी घरी येऊन शेंडी शोधली.