नाव आलं तिथे आवाज गेला

टीव्हीवर काय ऐकू जाऊ द्यायचं नाही, ते बघायचा मला पगार मिळतो. घोडबंदर रोडच्या ऑफिसात मालिकांचे भाग आधी माझ्यासमोर येतात. केबल कायद्याच्या कार्यक्रम संहितेत अडकेल असा शब्द आला की मी तेवढा आवाज बंद करतो.

एका भागात म्हातारा आजोबा नातीच्या सासरी ताठ उभा राहून आपली जात सांगत होता. कायदा म्हणतो, कुठल्याही समाजाचा अपमान नको. नाव घेऊ नका असं तो कुठेही म्हणत नाही. पण कोणी तक्रार केली तर निस्तरायचं कोणी, म्हणून मी ते नाव पुसलं. जात आमचीच होती.

रविवारी तो भाग लागणार होता म्हणून मी मोहन्याला, चाळीतल्या आमच्या घरी गेलेलो. पप्पांनी पोराचं काम दाखवायला चाळीतल्या लोकांना बोलावलेलं. आजोबाचे ओठ हलले आणि नेमका आवाज गेला. पप्पांनी उठून सेटटॉप बॉक्सला दोन थापट्या मारल्या. "बॉक्स जुना झालाय," ते ओशाळून म्हणाले.

शेजारच्या मावशींनी ओठांवरून ओळखून ते नाव खणखणीत उच्चारलं. "हेच बोलला असणार तो. यात आवाज घालवण्यासारखं काय आहे?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली गेलेली. मग सगळ्यांकडे वळून त्यांनी पुन्हा सांगितलं, "बॉक्सच जुना झालाय."